खिंड आणि झुंड

'खिंड लढवणे' हा वाक्प्रचार मराठीत इतका रुळला आहे, की तो वापरताना खिंड कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. कचेरीतले सहा जण रजेवर गेले, की उरलेला एकटा कारकून खिंड लढवतो. महाविद्यालयात जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत तेव्हा तासिका तत्त्वावरच्या दोन बाई मराठी विभागाची खिंड लढवतात. शेवटची जोडी मैदानात असते तेव्हा समालोचकालाही हाच शब्द सुचतो. आपण थोडे आहोत, समोरचे पुष्कळ आहेत, आणि तरीही काही वेळ निभावून न्यायचे आहे, एवढाच अर्थ आता त्यात उरला आहे. खिंडीचा भूगोल त्यातून केव्हाच गळून पडला. तो भूगोल आम्हांला परत मिळाला तो मात्र इतिहासाच्या पुस्तकातून नव्हे, व्हिडिओ गेममधून. या कबुलीने काही वाचकांच्या कपाळावर आठी पडेल. पडो.

उन्हाळ्याच्या सुटीत सदाशिव पेठेतल्या एका माडीवर टीव्हीला जोडायचा गेम भाड्याने येई. एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचा दावा वेष्टणावर असायचा. प्रत्यक्षात तेच पाचसहा खेळ पुनःपुन्हा निघत. त्यांतला आमचा लाडका 'काँट्रा', कोनामी या जपानी कंपनीने १९८७ साली काढलेला. दोन उघडेबंब शिपाई जंगलातून धावत जातात आणि दोन्ही बाजूंनी शत्रूचे सैनिक त्यांच्या अंगावर येत राहतात. हे सैनिक एका गोळीत मरतात. त्यांना नीट नेमही धरता येत नाही. पण ते संपत नाहीत. तुम्ही जागच्या जागी उभे राहून त्यांना मारत बसलात, तर ते येतच राहतात आणि कधीतरी तुमचे लक्ष चुकते. आमचा आतेभाऊ या खेळात वाकबगार होता. या सैनिकांना तो 'चिल्लर' म्हणे. 'मधे उभा राहू नकोस, चिल्लरला पाठ दाखवू नकोस, आणि चिल्लर मोजत बसू नकोस,' असे त्याचे तीन दंडक होते. पाच गोळ्या पंख्यासारख्या फेकणारी बंदूक हाती आली, की चौथा दंडक: ती काही केल्या सोडायची नाही.

दुबळ्या शत्रूंची झुंड ही या खेळांतली जवळजवळ पहिली कल्पना आहे. एकास एक असे द्वंद्व संगणकाला झेपायला पुष्कळ काळ लागला, कारण द्वंद्वातल्या प्रतिस्पर्ध्याला थोडीतरी बुद्धी हवी. झुंडीला ती लागत नाही. तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' केला तेव्हा अकरांच्या पाच रांगा, म्हणजे पंचावन्न परग्रहवासी, डावीकडून उजवीकडे सरकत पायरी-पायरीने खाली उतरत. जसजसे ते मरत तसतसा उरलेल्यांचा वेग वाढे. खेळणाऱ्याला वाटे, हे चिडले. वस्तुस्थिती अशी, की पंचावन्न आकृत्या रेखाटताना यंत्र दमत होते. आकृत्या कमी झाल्या की ते मोकळे होई आणि भरभर चाले. निशिकादोंनी ही उणीव तशीच ठेवली आणि तिचाच खेळ झाला. जाणते खेळाडू मग रांगा न फोडता कडेचे स्तंभ आधी फोडू लागले. झुंडीची रुंदी कमी केली की तिला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला जास्त वेळ लागतो आणि ती सावकाश खाली उतरते. झुंडीशी लढताना मोजायची ती डोकी नव्हेत, रुंदी मोजायची, हा धडा असा अगदी आरंभीच दिला गेला.

पुढे १९८२ साली यूजीन जार्व्हिस आणि लॅरी डेमार यांनी 'रोबोट्रॉन २०८४' काढला. त्यात खेळाडूला प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला मैदानाच्या नेमके मधोमध टाकले जाते आणि यंत्रमानव चहूकडून येतात. आडोसा नाही, दार नाही, खिंड नाही. एका दांड्याने पळायचे, दुसऱ्याने गोळ्या झाडायच्या. पळण्याची दिशा आणि मारण्याची दिशा वेगवेगळी असू शकते. मग खेळाडू काय करतो? एका बाजूची फळी फोडून कडेला पोचतो आणि कडेकडेने गोल फिरू लागतो. चहूकडून येणारी झुंड आता त्याच्या मागे लागते, म्हणजे तिची शेपटी होते, आणि शेपटी कापणे सोपे. पळ काढल्याचे सोंग करून पाठलागावर आलेल्यांना लांबवायचे आणि मग उलटायचे, हे ज्यांनी मराठी इतिहासात वाचले आहे त्यांना हा डाव ओळखीचा वाटेल. तीन वर्षांनी आलेल्या 'गाँटलेट'ने वेगळाच विचार पुढे ठेवला. तिथे भुते हाडांच्या ढिगांतून उपजतात. दाराच्या चौकटीत उभे राहून भुते कितीही मारा, ढीग शाबूत आहे तोवर नवी येतच राहतात. म्हणून वाट काढत ढिगापर्यंत जायचे आणि ढीग फोडायचा. झुंड कुठून येते, काय खाते, कशावर जगते, हा प्रश्न खेळाने पहिल्यांदा विचारला तो बहुधा येथे.

इतके झाल्यावर आम्ही पुन्हा घोडखिंडीकडे पाहिले. १३ जुलै १६६०. पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटलेले शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले आहेत, मागे सिद्दी मसूद आहे, आणि बाजीप्रभू देशपांडे बांदलांच्या सुमारे तीनशे माणसांनिशी खिंडीत थांबतात. महाराज गडावर पोचल्याच्या तोफा ऐकू येईपर्यंत ही माणसे वाट सोडत नाहीत. ही कथा पोवाड्यांनी गायली, अरविंद घोषांनी इंग्रजीत तिच्यावर दीर्घ कविता लिहिली, रणजित देसाईंनी कादंबरी लिहिली, आणि चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकाने ती घरोघर पोचवली. या सगळ्यांचा भर स्वाभाविकपणे निष्ठेवर आणि देहत्यागावर आहे. मात्र खिंडीचे गणित त्यात झाकले जाते. अरुंद वाटेत एका वेळी जितकी माणसे शिरू शकतात तितक्यांशीच लढावे लागते. मागची हजारो माणसे त्या घटकेपुरती फौज नसून नुसता खोळंबा असतात. बाजीप्रभूंचे शौर्य या गणिताने कमी होत नाही. उलट, हे गणित ज्याला कळते आणि ते किती वेळ पुरणार हेही ज्याला कळते, अशा माणसाने तिथे थांबणे आम्हांला अधिक मोठे वाटते. हीच खिंडीची विद्या पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १६६१ मध्ये, उंबरखिंडीत उलट्या अंगाने वापरली गेली. कोकणात उतरणाऱ्या कारतलबखानाची फौज झाडीच्या घळीत शिरू दिली आणि दोन्ही तोंडे बंद केली. मोठी संख्या तिथे स्वतःच्याच अंगावर कोसळली. खानाने खंडणी देऊन सुटका करून घेतली.

आणखी एक गोष्ट या कथांच्या कडेला असते. विशाळगडाच्या पायथ्याशी महाराजांची वाट अडवून बसलेले कोण होते? शृंगारपूरचे सुर्वे आणि पालवणचे दळवी. म्हणजे त्या रात्रीची 'झुंड' निदान एका टोकाला मराठीच बोलत होती. पण झुंड म्हटली की तिची भाषा ऐकू येत नाही. 'गनीम' हा शब्द एकवचनीच चालतो.

आता जरा वाट बदलून पाहू. झुंडीशी कसे लढावे हा प्रश्न आम्ही नेहमी मधे सापडलेल्याच्या बाजूने विचारतो. खेळात कॅमेराच त्याच्या खांद्यावर असतो, त्यामुळे दुसरी बाजू दिसतच नाही. पुण्याच्या आसपास मात्र दुसरी बाजू पाहण्याची सोय आहे, कारण मराठी घोडदळ हे अठराव्या शतकात इतरांच्या दृष्टीने नेमकी हीच गोष्ट होते: हलके, विखुरलेले, असंख्य, एकेकटे घेतले तर कवायती पलटणीपुढे दुबळे. कंपनीच्या अधिकाऱ्यांना खात्री होती, की बंदुकीच्या रांगा न मोडता चालत राहिले की ही गर्दी बाजूला होते.

याच खात्रीने मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८ च्या अखेरीस राघोबादादांना बरोबर घेऊन पुण्याकडे निघाली. बोरघाट चढून ती खंडाळ्याला आली, कार्ल्याला आली, आणि तिथून पुढे गोगलगायीच्या गतीने सरकू लागली, कारण तोफा, दाणागोटा आणि हजारो बैल यांचे लटांबर तिच्या मागे होते. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके यांच्या फौजांनी तिच्याशी काय केले? खेळातली झुंड जे करते ते केले नाही. ती अंगावर गेली नाही. तोफेच्या पल्ल्याबाहेर ती चोहीकडे हिंडत राहिली. गवत जाळले, दाणा हलवला, पाणी निकामी केले, गावे ओस पाडली. ९ जानेवारी १७७९ रोजी इंग्रज तळेगावला पोचले तो गाव जळून गेलेला, आणि पुढे चिंचवडच काय, खुद्द पुणेसुद्धा जाळायची तयारी झाल्याचे त्यांच्या कानी आले. पुण्याच्या इतक्या जवळ येऊन ११ तारखेच्या रात्री त्यांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि अंधारात माघार धरली. पहाटेपूर्वीच झुंड त्यांच्या भोवती होती. वडगावला त्यांना थांबावे लागले आणि तिथेच तह लिहून द्यावा लागला.

'गाँटलेट'मधला खेळाडू भुतांच्या ढिगापर्यंत पोचतो. वडगावला भुतेच खेळाडूच्या शिदोरीपर्यंत पोचली. आपल्या कवायती रांगेची रुंदी इंग्रजांनी उत्तम राखली होती. त्यांनी कोणतीही चूक केली नाही असे नव्हे, पण जी विद्या त्यांना येत होती ती वापरण्याची संधीच त्यांना मिळाली नाही. दार अडवून उभा राहणाऱ्याला समोरच्याने दारात येणे आवश्यक असते. समोरच्याला हे कळले आणि तो दारात न येता विहिरीवर जाऊन बसला, तर दार अडवणाऱ्याने करायचे काय? आमच्या माहितीतल्या फार थोड्या खेळांत झुंडीला हे सुचू दिले आहे. कारण उघड आहे. तसे झाले तर तो खेळ कोणी विकत घेणार नाही.

या मोहिमेने मराठीला एक सुंदर शब्दही दिला. कॅप्टन स्टुअर्ट हा धाडसी इंग्रज अधिकारी जानेवारी १७७९ मध्येच कार्ल्याजवळ मारला गेला. मराठी लोकांनी त्याचे नाव 'इष्टुर फाकडा' करून घेतले आणि वडगाव मावळात त्याची समाधी जपली. शत्रूला नाव देण्याची, इतकेच नव्हे तर कौतुकाची पदवी देण्याची ही रीत आम्हांला फार आवडते. मात्र लक्षात घ्यायला हवे, की नाव मिळाले ते मधे सापडलेल्याला. भोवती हिंडणाऱ्या हजारो स्वारांपैकी ज्याच्या हातून तो पडला असेल, तो तसाच राहिला.

अडतीस वर्षांनी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, चित्र उलटे झाले. त्या दुपारी पेशव्यांची फौज गणेशखिंडीच्या रोखाने बाहेर पडली. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ त्या दिवशी कंपनीच्या बाजूने हजर होता. १८२६ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात हा सविस्तर, कोरडा, दप्तरी माणूस या एका जागी अचानक लेखक होतो. खंबायतच्या आखातात भरतीची भिंत गर्जत येते, तिची उपमा त्याने या फौजेला दिली आहे. उकाडा आहे, वारा पडलेला आहे, टापांचा आणि तोफांच्या चाकांचा तेवढा आवाज येतो आहे. शेतकरी कामे टाकून पळताहेत, बैल जोखडे तोडून उधळताहेत, दचकलेली हरणे उड्या मारत दूर जातात आणि क्षणभर मान वळवून मागे पाहतात. कुंपणे आणि उभी पिके त्या लोंढ्याखाली आडवी होतात. ज्यांनी हा उतारा मुळातून वाचला नसेल त्यांनी तो जरूर वाचावा. झुंडीचे इतके चांगले वर्णन आम्ही इंग्रजीत फार वाचलेले नाही. आणि हेही पाहावे, की त्यात शेतकरी आहेत, बैल आहेत, हरणांना तर मान वळवण्याइतके मनही आहे. स्वारांना ते नाही. स्वार म्हणजे पाणी.

लढाई कशी झाली? कंपनीची माणसे सुमारे अठ्ठावीसशे, पेशव्यांची त्यांच्या दसपट म्हणून सांगतात. बापू गोखल्यांनी पाहिले, की कंपनीच्या सातव्या पलटणीतली काही माणसे दि पिंटोच्या पायदळामागे धावत ओळीच्या पुढे गेली आहेत. ही संधी होती आणि त्यांनी निवडक घोडेस्वार तिकडे सोडले. जरीपटक्यासह मोरोपंत दीक्षित पुढे होते. कर्नल बरने पलटण थांबवली आणि गोळी राखून ठेवायला सांगितले, कारण तिच्या पुढ्यात एक खोल दलदल होती, ती धावत येणाऱ्यांना दिसत नव्हती. पुढचे घोडे चिखलात रुतले, मागचे त्यांच्यावर आले, आणि राखून ठेवलेली गोळी तेव्हा सुटली. मोरोपंतही त्या दिवशी पडले. दलदल ही त्या दिवसाची खिंड होती, आणि ती लढवत होते इंग्रज. वडगावला जी फौज दारात आली नाही तिच्याच नातवंडांनी खडकीला दारावर धडक दिली.

असे का झाले, याची कारणे इतिहासकार पुष्कळ देतात: फितुरी, पर्वतीवरून लढाई पाहणारा धनी, वर्षानुवर्षांचा दुहीचा संसार. आम्हांला त्यात एक वाङ्मयीन कारणही दिसते. तोवर मराठी फौजेने स्वतःकडे 'फौज' म्हणून, म्हणजे समोरासमोर भिडून मान राखणारी गोष्ट म्हणून, पाहायला सुरुवात केली होती. विहिरीवर बसण्यात पोवाडा नाही. (संगमावरची रेसिडेन्सी त्याच दिवशी जाळण्यात आली आणि तिच्यात एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह गेला. ज्यांना या धामधुमीत रडायला एखादी निरुपद्रवी गोष्ट हवी असेल त्यांच्यासाठी ही नोंद.)

खेळ रचणाऱ्यांना मात्र झुंडीने दारातच यावे अशी व्यवस्था करावी लागते. ही व्यवस्था अलीकडे फार सूक्ष्म झाली आहे. पंधरावीस शत्रू नायकाला घेरतात, पण हल्ला एक किंवा दोनच करतात. बाकीचे शस्त्रे परजत घुटमळतात, जणू रेशनच्या रांगेत आहेत. २००७ च्या 'असॅसिन्स क्रीड'मध्ये हे स्पष्ट दिसे, आणि हिंदी सिनेमातल्या मारामारीवर वाढलेल्या प्रेक्षकाला त्यात वावगे काही वाटले नाही. जपानच्या कोएई कंपनीने २००० साली 'डायनेस्टी वॉरियर्स २' आणला. तीन राज्यांच्या चिनी कथेतला एकेक सरदार त्यात शेकडो शिपाई एका फटकाऱ्यात उडवतो, कोपऱ्यात आकडा वाढत जातो, आणि सरदारांना तेवढी नावे असतात. २०२२ साली पूर्ण रूपात आलेल्या 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स'मध्ये तर खेळाडूला हल्ल्याचे बटणही दाबावे लागत नाही. तो फक्त चालतो, शस्त्रे आपोआप चालतात, हजारो वटवाघळे नि सांगाडे रत्ने होऊन विखुरतात. लुका गॅलांते यांचा हा खेळ आम्ही किती रात्री खेळलो ते येथे सांगत नाही. पण त्यातल्या सुखाचे स्वरूप आम्हांला नीट ठाऊक आहे. मेलेल्यांचा आकडा वाढतो आणि त्यातला एकही चेहरा आठवत नाही, हेच ते सुख आहे.

हे सुख संगणकाने आणलेले नाही. पानिपतानंतर, १७६१ च्या जानेवारीत, दक्षिणेकडे आलेले ते प्रसिद्ध सावकारी पत्र आठवा. विश्वासराव आणि भाऊसाहेब त्यात मोत्ये झाले आहेत, मोठे सरदार मोहरा झाले आहेत, मोहरांची संख्या सत्तावीस अशी नेमकी दिली आहे. आणि बाकीचे चांदी-तांबे, ज्याची गणती नाही. सांकेतिक भाषेची गरज होती हे खरे, आणि त्या चार ओळींत जी कळ आहे ती कोणत्याही बखरीत नाही हेही खरे. पण आतेभावाचा 'चिल्लर' हा शब्द आम्हांला तिथे पुन्हा भेटला, आणि या खेपेला चिल्लर आपल्या घरची होती.

म्हणून कोरेगावच्या खांबाकडे एका निराळ्या दृष्टीने पाहावेसे वाटते. १ जानेवारी १८१८ रोजी शिरूरहून पुण्याकडे रात्रभर चालत आलेला कॅप्टन स्टाँटन भीमेकाठी पोचला, तेव्हा नदीपलीकडे पेशव्यांची प्रचंड फौज होती. त्याच्याजवळ जेमतेम आठशे माणसे आणि दोन लहान तोफा. त्याने कोरेगावचा आसरा घेतला. गावात शिरायच्या वाटा मोजक्या. तोफा त्यांच्या तोंडाशी लावल्या. पेशव्यांकडचे सगळे घोडदळ अशा जागी निरुपयोगी. लढले ते अरब, गोसावी आणि पायदळाच्या काही तुकड्या, गल्लीगल्लीतून, घराघरातून. नदी हाकेच्या अंतरावर असून आतल्यांना दिवसभर पाणी मिळाले नाही. वडगावची युक्ती येथे अर्धी तरी साधली होती, पण दिवस पुरला नाही. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली. कंपनीचे पावणेतीनशे लोक मेले, जखमी झाले किंवा सापडले नाहीत. या लढाईच्या अर्थाबद्दल आजही तीव्र मतभेद आहेत, ते येथे मिटणारे नाहीत. आम्ही फक्त खांबावरच्या अक्षरांविषयी बोलतो आहोत. १८२१ साली ज्याचा पाया घातला त्या खांबावर इंग्रजी आणि मराठी लेख आहे, आणि पडलेल्या साध्या शिपायांची नावे आहेत. कंपनीच्या पडलेल्या एकोणपन्नास जणांपैकी बावीस नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात, म्हणजे ती महार शिपायांची आहेत. साम्राज्याने आपल्या कीर्तीसाठी कोरलेली ही यादी. पण तिच्यामुळेच शंभर वर्षांनी, १९२७ च्या १ जानेवारीला, डॉ. आंबेडकर तिथे उभे राहून वाचू शकले. ज्यांना पेशवाईच्या राजवटीत सावलीसुद्धा सांभाळून चालावे लागे, त्यांची नावे त्याच पेशवाईविरुद्धच्या खांबावर पूर्ण अक्षरांत होती. चिल्लर म्हणून गेलेली माणसे वाचनामुळे परत आल्याचे इतके सरळ उदाहरण आमच्या माहितीत दुसरे नाही.

दुसऱ्या बाजूची नावे तिथे नाहीत. गल्लीच्या तोंडाशी पडलेले अरब आणि गोसावी, खडकीच्या दलदलीत घोड्यासकट रुतलेले स्वार, वडगावच्या वाटेवर गवताला आग लावत हिंडलेले शिलेदार, यांच्यासाठी कोणी खांब उभारला नाही. पण त्यांचे कागद पुण्यातच आहेत. पेशवे दप्तराचे हजारो रुमाल पुराभिलेखागारात बांधून ठेवलेले आहेत. सरदेसायांनी १९३० च्या दशकात त्यांतून पंचेचाळीस खंड निवडून छापले, आणि निवडताना अर्थातच राजकारणाची पत्रे पुढे आली. मोत्ये आणि मोहरा. न छापलेल्या ढिगात पथकांचे हिशेब आहेत, हजेऱ्या आहेत, कोणाला किती पगार द्यायचा राहिला त्याच्या यादी आहेत. सगळे मोडीत. आमच्यापैकी एक जण गेल्या वर्षापासून मोडी शिकतो आहे. परवा एका पथकाच्या यादीची नक्कल त्याने वाचायला घेतली. पहिली आठ नावे लावायला त्याला दीड तास लागला. नववे नाव अजून लागलेले नाही.